पाय भिजल्याशिवाय बेट नाही

रविवारी सकाळी शिरसाड फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की दारातल्या पाण्याची माणसाला किती किंमत असते ते दोन्ही बाजूंनी कळतं. महामार्ग सोडून आत वळणाऱ्या गाड्या वसई, मीरा रोड, बोरिवलीच्या. समुद्राकडे पाठ करून ही मंडळी वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायला निघालेली. समोरून येणाऱ्या टेम्पोत वज्रेश्वरी, गणेशपुरी, अंबाडीची माणसं. ती गरम पाण्याकडे पाठ करून अर्नाळ्याच्या समुद्रात पाय बुडवायला निघालेली. फाट्यावर दोन्ही वाहनं समोरासमोर अडकतात, एकमेकांच्या चटया आणि पातेली न्याहाळतात, आणि दोन्हीकडून एकच वाक्य निघतं, "एवढ्या लांब आंघोळीला जायची काय ती हौस!"

वज्रेश्वरीच्या माणसाला गरम पाण्याचं अप्रूप नसतं. चाळीस अंशांच्या वर तापलेलं, गंधकाचा वास मारणारं ते पाणी म्हणजे देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त, अशी कथा तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणा शिकलेला निघाला तर खडकांच्या भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं, हेही सांगतो. पण स्वतः कुंडात उतरत नाही. त्याला बेट बघायचं असतं. चहूबाजूंनी पाणी, मधे किल्ला, जायला होडी आणि येताना पिशवीत सुकट. हे सगळं चाळीसेक किलोमीटरवर एका जागी मिळत असेल, तर मुलांच्या परीक्षा संपल्या संपल्या टेम्पो ठरतोच.

खरं तर या प्रवासाला टेम्पोची गरज नव्हती, नदीनंच सोय करून ठेवली होती. वज्रेश्वरीपाशी वाहणारी तानसा पुढे वैतरणेला मिळते, वैतरणा समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशीच अर्नाळ्याचं बेट आहे. गावातून फेकलेला नारळ नशीब बलवत्तर असेल तर एखाद दिवशी बेटाला लागेल. माणसानं मात्र हा मार्ग धरू नये. वर शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण पुरं झालं आणि तेव्हापासून नदीचा मोठा वाटा नळांतून मुंबईला जातो. उरलेल्या नदीत पावसाळा सोडला तर होडीपेक्षा म्हैस बरी चालते.

बेट ठरवणं सोपं, वेळ ठरवणं कठीण. बेटावर जायचं तर भरती-ओहोटी बघावी लागते, आणि किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबात भरतीचं गणित येणारे एक काका असतात. हे गणित कोकणात पूर्वापार चालत आलेलं आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल तो साधारण पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. कोळ्यांना तो करावा लागत नाही, त्यांना पाणी बघून कळतं. टेम्पोतल्या काकांना करावा लागतो.

"तिथी काय आज?" काका विचारतात.

मामी मोबाइलवर पंचांग काढते. "एकादशी."

"अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. एकादशी म्हणजे भांगाचं पाणी, फार चढायचं नाही, फार उतरायचंही नाही. एकदम बेस्ट!"

"सव्वाआठ सकाळचे की रात्रीचे?"

"दोन्ही. समुद्र दिवसातून दोनदा भरतो."

काकांच्या हुशारीवर टेम्पो खूश होतो न होतो, तोच मागून आजीचा आवाज येतो. "काय म्हणालीस? आज एकादशी?"

भरती कळली, पण बोंबील गेले. आठवडाभर ज्या तळलेल्या सुरमईच्या जिवावर बेत रंगला होता, तिच्यावर काकांच्या गणितानं पाणी फिरवलं. तिथी विचारलीच नसती तर एकादशी निमूटपणे निघून गेली असती. आता अर्धा टेम्पो उपवासाला, उरलेला अर्धा उपवासवाल्यांच्या नजरेच्या धाकात. धाकटा जावई शेंगदाण्याच्या लाडवाकडे हताशपणे बघत राहतो.

विरार फाटा, विरार स्टेशन, मग आगाशी. आगाशी येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या दिसू लागतात, हवा दमट होते, आणि टेम्पोत इतिहास सुरू होतो. वज्रेश्वरीच्या माणसाला वसईच्या मुलखात शिरलं की इतिहास आठवतोच, कारण त्याच्या गावच्या देवळाचा पाया या किनाऱ्यावरच्या लढाईत आहे. चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेवर असताना वडवलीजवळ तळ पडला, आणि वसई मिळाली तर देवीचं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन असा नवस त्यांनी बोलला, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली. नवस फेडायचं काम सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आलं. बावन्न पायऱ्या चढून जावं लागणारं आजचं देऊळ हे त्या नवसाचं फळ. पुढे देवीच्या नावानंच गाव ओळखलं जाऊ लागलं आणि वडवली मागे पडली.

"म्हणजे अर्नाळाही आपल्या देवीनंच दिला," आजी निकाल देते.

"अर्नाळा दोन वर्षं आधी घेतला होता, १७३७ ला," काका दुरुस्ती करतात. "नवस नंतरचा."

"नवस नंतरचा असेल. देवी आधीपासून होती ना?"

या युक्तिवादाला इतिहास संशोधक मंडळातही उत्तर मिळणं अवघड आहे.

अर्नाळा म्हटलं की दोन अर्नाळे असतात. एक किनाऱ्यावरचं गाव, जिथे एसटीचं आगार आहे. राज्यातल्या कुठल्या कुठल्या स्टँडवर 'अर्नाळा' अशी पाटी लावलेली गाडी दिसते आणि समुद्र न पाहिलेल्या माणसाला वाटतं, हे कुठलं तरी मोठं शहर असणार. दुसरं अर्नाळा समोर पाण्यात. तिथे किल्ला आहे, वस्ती आहे आणि 'अर्नाळा किल्ला' नावाची वेगळी ग्रामपंचायतही आहे. सहलीला आलेल्यांपैकी निम्मे लोक पहिल्या अर्नाळ्यावरच थांबतात. सुरूच्या झाडांत चटई अंथरतात, घोडागाडीचा भाव ऐकून पायी चालतात, रिसॉर्टच्या तलावात क्लोरीनचं पाणी नाकातोंडात घेतात आणि शंभर पावलांवरच्या समुद्राला फोटोपुरतं पाठीशी उभं करतात.

वाळूपलीकडे कोळीवाड्याच्या बाजूला मासळी वाळत घातलेली असते. बोंबील बांबूंच्या दोरीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, जवळा खाली पसरलेला. वाऱ्याची दिशा बदलली की सहलीतल्या बायका आधी नाकाला पदर लावतात. "कसा गं वास!" म्हणत दोन पावलं मागे जातात. मग त्यातलीच एक पुढे होते. टोपलीतला जवळा चिमटीत घेते, तळहातावर पसरते, फुंकर मारते. वाळू निघाली का बघते, दोन काड्या दाताखाली धरते. ओला तर नाही ना? खारवला किती?

"किती लावला ताई?"

कोळीण भाव सांगते.

"एवढा? आमच्याकडे बाजारात याच्यापेक्षा स्वस्त."

"मग तिकडंच घे ना बाय," कोळीण माप खाली न ठेवता म्हणते. "तिकडं पण आमचाच जातो."

दहा मिनिटांनी त्याच नाकाला लावलेल्या पदराखाली जवळ्याची पिशवी असते. एकादशी असली तरी खरेदीला उपवास आडवा येत नाही, आणि द्वादशी दुसऱ्याच दिवशी असते.

बेटापर्यंतचं अंतर इतकं कमी आहे, की किनाऱ्यावरून पलीकडची घरं वेगवेगळी ओळखू येतात. होडी निघाली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे. घोडं अडतं ते होडीत चढताना. पाणी उतरलं की होडी काठाला लागत नाही, तिच्यापर्यंत पाण्यातून चालत जावं लागतं, आणि इथेच माणसाचा स्वभाव उघडा पडतो. अर्नाळ्याची माणसं डोक्यावर गॅसचं सिलिंडर, काखेत मूल आणि हातात भाजीची पिशवी घेऊन बोलत बोलत पाण्यात शिरतात. सहलीची माणसं काठावर थबकतात. कोणी पॅन्ट दुमडतो. ती घोट्यावर एक घडी, पोटरीवर एक आणि गुडघ्याला आली की तिथेच अडून बसते. जीन्सवाले पस्तावतात. नवी सँडल घातलेली सून सँडल काढून हातात घेते, मग मोबाइल कुठे ठेवायचा म्हणून सँडल नवऱ्याकडे देते. नवऱ्याकडे आधीच तीन जणांच्या चपला असतात. आजी मात्र लुगडं वर खोचून सरळ निघते. तिनं आयुष्यभर तानसेच्या पाण्यातून ये-जा केलेली असते.

होडीत बसल्यावर सगळ्यांचा चेहरा पालटतो. पाय भिजले, वाळू चिकटली, वारा लागला. आता आपण बेटावर चाललो याची खात्री पटते.

पलीकडे उतरलं की कालिकामातेचं देऊळ लागतं, मग वस्ती, मग किल्ला. गुजरातच्या सुलतानांपासून या जागेवर तटबंदी होती, नंतर पोर्तुगीज आले, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट घेतल्यावर बाजीरावांच्या काळात किल्ला नव्यानं उभा राहिला. दरवाज्यावर मराठी शिलालेख आहे. परकीयांना मारून समुद्राच्या पोटात जंजिरा बांध, अशी बाजीरावांनी शंकराला केलेली आज्ञा त्यात पद्यात कोरली आहे. हा शंकर म्हणजे वज्रेश्वरीचं देऊळ बांधणारे तेच शंकराजी केशव. काम लवकर करावं अशी ताकीदही त्यात आहे. सरकारी बांधकामाची मुदत थेट दगडात कोरण्याची ही पद्धत पुढे का बंद पडली, हे समजू शकतं.

काका शिलालेख वाचतात, म्हणजे वाचल्यासारखं करतात. मुलं दरवाज्यावरचे हत्ती आणि वाघ मोजतात. आत शिरल्यावर मात्र मंडळींचा विरस होतो. आत शेत आहे, झाडी आहे, विहिरी आहेत, अष्टकोनी तळं आहे, त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे. समुद्र दिसत नाही. चहूबाजूंनी उंच तट असल्यावर तो दिसायचाही नव्हता. "एवढे पैसे भरून बेटावर आलो आणि समुद्रच नाही?" असा प्रश्न दर रविवारी कुणी ना कुणी विचारतो. मग तटावर चढावं लागतं. वर गेलं की सगळीकडे पाणीच पाणी, उत्तरेला वैतरणेचं रुंद मुख, आणि दक्षिणेकडे किल्ल्यापासून सुटा पडलेला एक एकटा गोल बुरूज. हा बुरूज बाकीच्यांपासून वेगळा का, असं मुलं विचारतात. टेहळणीसाठी, असं काका सांगतात. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या मामीला त्या बुरुजाचा थोडा हेवा वाटतो.

याच अर्नाळ्याचं नाव घेतलेली नौदलाची 'आयएनएस अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला ताफ्यात दाखल झाली. उथळ पाण्यातल्या पाणबुड्या हुडकणं हे तिचं काम. उथळ पाण्याचा अनुभव अर्नाळ्याला चांगलाच आहे.

पण बेटावर आजीला खरा धक्का बसतो तो नित्यानंद महाराजांच्या पादुकांपाशी. गणेशपुरीचे नित्यानंद महाराज १९६१ साली समाधिस्थ झाले. त्यांचं समाधिमंदिर वज्रेश्वरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे गुरुपौर्णिमेला एवढी गर्दी होते, की गावातल्या माणसाला भाजी आणायला जाता येत नाही. टेम्पो, होडी, भिजलेली पॅन्ट असा सगळा प्रपंच करून समुद्रातल्या बेटावर यावं आणि समोर शेजारच्या गावच्या महाराजांच्या पादुका निघाव्यात! आजी हात जोडते आणि म्हणते, "महाराज, तुम्ही इथंही?" दर्शन घडतं, पण बाहेरगावी गेल्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा अवघडलेपणाही चेहऱ्यावर असतो.

तटावर पाय सोडून बसल्यावर खरा वाद सुरू होतो. विषय, बेट म्हणजे काय.

"चहूबाजूंनी पाणी ते बेट," पाचवीतली मुलगी पाठ केलेलं म्हणून दाखवते.

"मग ठाणंही बेटावरच आहे," काका म्हणतात.

टेम्पोतल्या निम्म्या लोकांची नोकरी ठाण्यात. ते हसतात. काका हसत नाहीत, कारण ते बरोबर असतात. वसईची खाडी उत्तरेला, ठाण्याची खाडी पूर्वेला आणि अरबी समुद्र पश्चिमेला. मधल्या साष्टी बेटावर खाडीच्या अलीकडचं सगळं ठाणं, मीरा-भाईंदर आणि मुंबईची उपनगरं वसलेली आहेत. दक्षिणेला मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली माहीमची खाडी ओलांडायला १८४५ मध्ये बांध-रस्ता झाला आणि दोन्ही बेटं एकमेकांच्या गळ्यात पडली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी एका बेटावरून सुटली आणि दुसऱ्या बेटावर थांबली. देशातली प्रवासी रेल्वे मुख्य भूमीला न शिवताच सुरू झाली. पुढच्या वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली तेव्हा कुठे तिची चाकं पलीकडच्या काठाला लागली.

वज्रेश्वरीचा माणूस भिवंडीवरून ठाण्याला जाताना कशेळीच्या पुलावरून साष्टीत शिरतो. पुलावर इतका वेळ ट्रकांच्या मागे अडकलेला असतो, की खालची खाडी निवांत बघून घ्यावी. पण तो बघतो पुढच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते. रोज बेटावर कामाला जाऊन रोज परत येणाऱ्या या माणसाला वर्षातून एकदा बेट बघायची हौस येते आणि तो अर्नाळ्याला येतो.

साष्टीलाही किनारा आहे, आणि तो बघायला वेगळंच धैर्य लागतं. वर्सोव्याहून मढ समोर दिसतं. होडीनं पाच मिनिटं, रस्त्यानं मालाडला वळसा घालून वीसेक किलोमीटर. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात, त्यामुळे सामान्य माणसानं तो सिनेमात बघावा हे बरं. एरंगळला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सणाला अख्खा किनारा माणसांनी भरतो. मार्वेहून मनोरी खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर. मोटारीनं जायचं ठरवलं तर भाईंदर, उत्तन, गोराई असं फिरून यावं लागतं. होडीतला माणूस मनोरीत मासे खाऊन झोपतो, तेव्हा मोटारवाला उत्तनला वाट विचारत असतो. गोराईचा पॅगोडा एकाही खांबाशिवाय उभा आहे, आणि त्याच्या घुमटाखाली हजारो माणसं ध्यानाला बसू शकतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोझ शाह आणि हजारो स्वयंसेवकांनी इतका कचरा उचलला, की २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथून समुद्रात गेली. कासवांना बेट कळलं. लोकल पकडणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

लोकलवाल्यांची तर कमालच. नायगाव आणि भाईंदरच्या मधे वसईच्या खाडीत पाणजू नावाचं बेट आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्या दिवसभर त्याच्या अंगावरून धावतात. लाखो माणसं रोज बेटावरून जातात, पण तिथे स्टेशन नाही, म्हणून कोणी खिडकीतून मान वळवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. घोडबंदरचा वळसा वाचवायला लोक मोटारीसकट बोटीत चढू लागले, आणि त्यातले काही मोटारीची काच वर करून, एसी लावून, सीटवर बसूनच खाडी ओलांडतात. खाडी लागलीच नाही, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

आपण बेटावर राहतो हे मुंबईकराला पावसाळ्यात कळतं. साडेचार मीटरच्या वर भरती असण्याच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. त्याच वेळी मोठा पाऊस आला की गटारांचं पाणी समुद्र आत घेत नाही, ते रस्त्यावर येतं. माणूस पॅन्ट दुमडतो, चपला हातात घेतो, पाण्यातून वाट काढतो. अर्नाळ्याच्या होडीपाशी घडतं ते सगळं अंधेरीच्या सबवेत घडतं, फक्त पलीकडे किल्ला नसतो.

"वसईसुद्धा पूर्वी बेटच होती," काका आणखी एक धोंडा टाकतात. जुन्या नकाशांत ती तशी आहे. सोपाऱ्याची खाडी गाळानं भरत गेली आणि बेट जमिनीला चिकटलं. म्हणजे सकाळी ज्या मुख्य भूमीवरून मंडळी होडीत चढली, तीही काल-परवापर्यंत बेटच. आता सुनेला कळेना, की आपण बेटावरून बेटावर आलो, की भूमीवरून बेटावर आलो, आणि या सगळ्यात सँडल कुठे राहिली.

सँडल नवऱ्याकडे असते. एक.

तीनच्या सुमाराला परतीची होडी. ओहोटीनं पाणी मागे सरकलेलं, त्यामुळे चिखलातून बरंच चालावं लागतं. काका विजयी मुद्रेनं सव्वादोनचं गणित पुन्हा सांगतात, पण चिखलात रुतलेल्या माणसाला गणितात रस नसतो. अर्नाळ्याच्या एका बाईनं आजीचा हात धरून तिला काठावर आणून सोडलं. घर कुठलं, मुलं किती, सून कशी आहे, एवढं सगळं त्या दोघींचं पाण्यातल्या पाण्यात बोलून झालेलं असतं. लाटा बेटाचा काठ खात चालल्यात, उधाणाला पाणी घरांच्या भिंतीला लागतं, हेही त्या बाईनं सांगितलं. ती बोलली सहज, आजी मात्र काठावर आल्यावर थोडा वेळ वळून बेटाकडे बघत राहिली.

टेम्पो आगाशी ओलांडतो तोवर जावयाला उपवास असह्य झालेला असतो आणि त्याच्या हातात एका ट्रॅव्हल कंपनीचं पत्रक असतं. "पुढच्या वर्षी खरं बेट बघू. अंदमान! पाच रात्री, सहा दिवस, विमानभाड्यासह."

"विमान कुठून?" काका विचारतात.

"मुंबईहून. सांताक्रूझ."

"म्हणजे साष्टीतून. एका बेटावरून उडायचं आणि दुसऱ्या बेटावर उतरायचं."

कुणी लक्ष देत नाही. पैशांचा हिशेब सुरू होतो. माणशी किती, मुलांचं अर्धं तिकीट लागतं का, जेवण शाकाहारी मिळतं का, एकादशी कोणत्या दिवशी येते. सगळं ठरत आल्यावर आजी मागून विचारते, "तिथं उतरताना पाणी कुठवर येतं रे?"

"पाणी नाही गं आजी. विमान सरळ बेटावर उतरतं. पायसुद्धा भिजत नाही."

"मग कशाला एवढा खर्च?" आजी म्हणते. "ठाणं काय वाईट आहे?"